जेलमधली पांढरी भुकटी

घरात केसांना लावायचं किंवा कोरफडीचं पारदर्शक जेल असेल तर त्यातलं चमचाभर बशीत घ्या, चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. बहुतेक वेळा त्या घट्ट जेलचं बघता बघता पाणी होतं. तळहातावर घेतलेलं जेल लगेच विरघळतं त्याचंही कारण हेच. घामात मीठ असतं.

ही करामत कार्बोमर नावाच्या भुकटीची आहे. ती पांढरी आणि कापसासारखी हलकी असते. पोतं उघडलं की नाकात आंबूस वास शिरतो. अ‍ॅक्रिलिक आम्लाचे लाखो रेणू साखळीसारखे जोडून आणि त्या साखळ्या एकमेकींत गुंफून हा कृत्रिम बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तयार होतो. पाण्यात भिजवून थोडा अल्कली घातला की साखळ्या फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. शंभर किलो जेलला साधारण अर्धा किलो भुकटी पुरते. मीठ पडलं की साखळ्या पुन्हा आक्रसतात आणि धरलेलं पाणी सुटतं.

चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा सप्ताहात बोलायला गेले होते. असेंब्ली लाइनवरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, हे प्लास्टिकच की. अंगात मुरतं का?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की कार्बोमरचा रेणू इतका अवाढव्य असतो की धडधाकट त्वचेतून तो आत जात नाही. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटक तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९८२ साली कार्बोमर वापरायला सुरक्षित ठरवला. पण त्याच अहवालात त्यांनी एका अशुद्धीकडे बोट दाखवलं होतं. ती अशुद्धी म्हणजे बेंझिन, आणि माझं आजचं बोलणं तिच्याविषयी आहे.

कार्बोमर एखाद्या द्रावकात तयार केला जातो. पूर्वी तो द्रावक सर्रास बेंझिन असे. भुकटी वाळवली तरी थोडं बेंझिन तिच्यात अडकून राहतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. ९४० क्रमांकाच्या कार्बोमरमध्ये अमेरिकेच्या औषधसंहितेनुसार ०.५ टक्क्यापर्यंत बेंझिन चालत असे. हिशोब करून बघा. शंभर किलो जेलमध्ये अर्धा किलो भुकटी, आणि तिच्यात अर्धा टक्का बेंझिन धरलं तर होतं अडीच ग्रॅम. म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग. औषधांसाठी जगभर मानली जाणारी मर्यादा दहा लाखांत २ भागांची आहे, तीही दुसरा इलाजच नसेल तेव्हा.

इलाज तर आहे. इथिल अ‍ॅसिटेट आणि सायक्लोहेक्झेन या द्रावकांत बनवलेला ९८० क्रमांकाचा कार्बोमर ९४० इतकंच छान जेल देतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उत्पादकांना बेंझिनवाला कार्बोमर सोडून देण्याविषयी मार्गदर्शन केलं. मी भोसरीत नोकरीला लागले तेव्हा आम्ही ९४०च वापरत होतो. पोत्याबरोबर आलेल्या कागदावर चिकटपणा आणि आर्द्रता तपासायचो. बेंझिनची ओळ मी कधी वाचली नाही. ती चूक माझी होती, आणि म्हणून आज हे तळमळीने सांगते आहे.

आपल्याकडे कायदा आहे. १९४०च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली डिसेंबर २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. कोणते घटक वापरू नयेत त्याची यादी भारतीय मानक ४७०७ च्या दुसऱ्या भागात आहे. उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं आणि घटकांची यादी हवीच. तरी एक फट उरते. भुकटी बेंझिनमध्ये बनलेली असो वा नसो, घटकांच्या यादीत शब्द एकच छापला जातो, कार्बोमर. गिऱ्हाइकाने कितीही बारकाईने वाचलं तरी त्याला फरक कळायचा मार्ग नाही. माझ्या मते द्रावक कोणता, हे उत्पादकाला सांगायला लावलं पाहिजे.

तोवर हे काम खरेदी करणाऱ्यांनी करावं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या परचेस विभागातल्या मंडळींनो, तुम्ही एका बोल्टसाठी मटेरियल सर्टिफिकेट मागता. ते नसेल तर इनवर्डला माल अडवता. मग वॉश बेसिनवर ठेवायच्या जेलचे कॅन येतात तेव्हा फक्त दर का बघता? पुरवठादाराला विचारा, कार्बोमर कोणत्या क्रमांकाचा आहे, आणि विश्लेषण प्रमाणपत्रात उरलेल्या बेंझिनचा आकडा किती आहे. चांगला उत्पादक तो कागद त्याच दिवशी पाठवतो.

बचत गटाच्या ताई घरी कोरफड जेल करून विकतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. सुटी भुकटी कागदाशिवाय घेऊ नका. आणि विकायचं असेल तर परवाना लागतो, गट लहान असला तरी. सलूनवाल्या दादांनी पाच लिटरच्या बिनलेबल कॅनमधलं जेल गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावू नये. स्वस्त पडतं हे मला माहीत आहे, पण ते कोणी बनवलं हे विचारायची सोयच तिथे उरत नाही.

आता प्रमाणाची गोष्ट. जेलमधल्या बेंझिनला घाबरणारे काही जण त्याच दिवशी ग्रीसचे हात पेट्रोलने धुतात. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, म्हणजे दहा लाखांत सुमारे दहा हजार भाग. आपल्या हिशोबातल्या त्या वाईट जेलच्या चारशेपट. वर ते वाफ होऊन थेट श्वासात जातं, आणि पेट्रोलने त्वचेचं तेल निघून हातांना भेगा पडतात त्या वेगळ्याच. हात आधी कोरड्या चिंधीने पुसा, थोडं खोबरेल चोळा, मग साबण लावा. बेसिनशेजारी पेट्रोलचा डबा ठेवलेला दिसला तर सुपरवायझरने तो आजच उचलावा.

एखाद्या जेलने त्वचा लाल झाली, पुरळ उठलं, किंवा बाटलीवर परवाना क्रमांकच नसेल, तर बाटली फेकू नका. बिलासकट जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. बॅच क्रमांक विचारतील, तो आधीच कागदावर उतरवून घ्या. बाटलीवरची शाई तेलकट हातांनी लवकर पुसली जाते.