तिकिटावरचे दोन तास

आज बोलूया विमानाच्या प्रवासाबद्दल. आता आपल्या बचत गटातल्या बायकाही प्रदर्शनासाठी दिल्लीला जातात, त्यामुळे हा हिशेब आपल्याला यायलाच हवा.

माझीच गोष्ट सांगते. तळेगाव ढमढेऱ्याहून आम्ही सहाजणी निघालो होतो. तिकिटावर प्रवास दोन तास दहा मिनिटांचा. विमान दहाचं, म्हणून सातला घर सोडलं. कोरेगाव भीमापर्यंत ठीक, पुढे वाघोलीत गाडी हलेचना. विमानतळावर पोचलो तेव्हा सव्वानऊ. काउंटर बंद! विमान अजून जमिनीवरच होतं, पण आमच्यासाठी ते गेलेलं होतं. शेवया-कुरडया विकून जमवलेले पैसे दुसऱ्या तिकिटात गेले आणि प्रदर्शनाचा पहिला दिवसही हुकला. चूक माझीच होती. मी फक्त तिकिटावरचा वेळ धरला होता.

आता अंतराचं बघा. बांधावरून गेलं तर शेत जवळ, रस्त्यानं गेलं तर लांब, हे आपल्याला ठाऊक आहे. विमानाचंही तसंच. पुणे-दिल्ली सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर. दौंड-मनमाडवरून जाणाऱ्या रेल्वेला तेच दीड हजाराच्या पुढे पडतं.

विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास धावतं. मग दीड तासातच का पोचत नाही? कारण तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, हळूहळू उतरणं, सगळं त्यातच येतं. पुण्याची धावपट्टी तर हवाई दलाची, तिथं लढाऊ विमानंही उडतात.

म्हणून हिशेब उलटा मांडायचा. विमान दहाला. देशातल्या विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे नऊला. आपण आठला तिथं हवं. तळेगावहून लोहगाव तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वातास पुरतो, पण सकाळच्या वाघोलीसाठी दोन तास धरा. म्हणजे सहाला घर सोडायचं. बारा-सव्वाबाराला दिल्लीत उतराल. सामान घेऊन बाहेर पडून मुक्कामी पोचेपर्यंत दोन वाजतात. घर ते मुक्काम, आठ तास झाले.

तरी रेल्वेपेक्षा वेळ वाचतोच. तिथं गाडीप्रमाणे वीस ते अठ्ठावीस तास लागतात. पण रेल्वेचं भाडं बरंच कमी असतं. माल जास्त आणि घाई नसेल, तर रेल्वे बरी. लेकरू लहान आहे, घरी कुणी आजारी आहे, तर विमानाचा विचार करा. गटात बसून दोन्ही हिशेब मांडा, मग ठरवा.

आणखी दोन गोष्टी. दिल्लीला एकापेक्षा जास्त टर्मिनल आहेत. परतताना तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा आधी वाचा. आणि डिसेंबर-जानेवारीत तिथं दाट धुकं पडतं, विमानं तासन्‌तास उशिरा सुटतात. त्या दिवसांत परतल्यावर लगेच संध्याकाळी महत्त्वाचं काम ठेवू नका.

पुढच्या वेळी आम्ही साडेपाचलाच निघालो. काउंटर उघडा होता आणि चहा प्यायलाही वेळ मिळाला. तर सख्यांनो, तिकिटावरचा वेळ विमानाचा असतो. आपला वेळ आपल्या उंबऱ्यापासून मोजायचा.