कुंडीतली वात
दिवाळीच्या सुटीत घराला कुलूप लावून आठ-दहा दिवस परगावी जाताना खिडकीतल्या कुंड्यांची जी चिंता मनाला लागून राहते, तिचा बंदोबस्त, समईच्या वातीत तेल ज्या केशाकर्षणाने वर चढते, त्याच निसर्गनियमाने करता येतो. सुती दोरी आधी भिजवून तिचे एक टोक मुळांजवळ 2 इंच खोल पुरावे व दुसरे शेजारच्या पाणी भरलेल्या बरणीच्या तळाशी सोडावे. माती सुकेल तसतसे पाणी आपोआप ओढले जाते. बरणी मात्र कुंडीहून उंचावर ठेवू नये, अन्यथा पाणी अखंड झिरपून मुळे कुजतात. डासांच्या प्रतिबंधार्थ तिचे तोंड झाकावे. कोरफड, निवडुंग यांना ही तजवीज नकोच. प्रवासापूर्वी चार दिवस तिची परीक्षा अवश्य घ्यावी.