धुराडे आणि संमतिपत्र
(पाचोरा येथील व्याख्यानाचा मजकूर)



पाचोऱ्याहून रेल्वेने निघालेला प्रवासी जळगाव ओलांडून भुसावळला पोहोचतो. तेथून जवळच दीपनगर. तेथील जुन्या संचांना आता ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची जोड मिळाली आहे. खानदेशास वीज हवीच. विहिरीवरचे पंप घोषणांवर चालत नाहीत. प्रश्न धुराचा आहे.

१९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यान्वये अशा केंद्रास प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. कागदपत्रांत प्रकल्प रखडतात, ही उद्योगांची तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु संमती सुलभ करण्याचे मार्ग दोन : मानके सैल करणे, अथवा उत्सर्जनच घटविणे. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये मानके कडक केली. २०१७ पासूनच्या संचांसाठी प्रति घनमीटर धूलिकण ३० आणि सल्फर डायऑक्साईड १०० मिलिग्रॅम. पुढे मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये तर बहुसंख्य केंद्रांना सल्फरच्या मर्यादेतून सूट मिळाली. देशी कोळशात गंधक कमी, हा त्यामागील युक्तिवाद. तो खरा, पण त्याच कोळशात राख शेकडा ३० ते ४० असते, तिचे काय?

चुनखडीच्या द्रावाने धूर धुतला की गंधक जिप्समच्या रूपाने हाती येते. ते सिमेंटला चालते. धुराड्यापूर्वी अडविलेली राख विटांना उपयोगी पडते. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, ही आपली परंपरा येथे शब्दशः लागू पडते. मोजमाप स्वच्छ असेल तर अधिकाऱ्यासही शंका काढण्यास जागा उरत नाही.

धुराड्यावरील अखंड मोजणीचे आकडे दीपनगरभोवतीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज मराठीत लागावेत, ही मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी.