रंकाळा आणि खासबाग

करवीर नगरीपासून, म्हणजेच कोल्हापुरापासून, समुद्र दूर, सह्याद्रीच्या पलीकडे असला, तरी रंकाळा तलावाच्या काठाला चौपाटी हेच नाव रूढ झाले असून, पाण्यातल्या संध्यामठावर संधिप्रकाश उतरला, की भेळेच्या गाड्यांभोवती आबालवृद्धांची दाटी होते. परंतु या नगरीच्या करमणुकीचे खरे वैभव खासबागेत आहे. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले कुस्त्यांचे वर्तुळाकार मैदान १९१२ साली पुरे झाले. भोवतालची बैठक चढत गेलेली असल्याने शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही प्रत्येक डाव स्पष्ट दिसतो, आणि तेल, ताक व हळद मुरवलेली ती तांबडी माती मल्लाच्या पाठीला लागली, की हलगी घुमते व फेटे उडतात. शेजारीच १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. मल्लविद्या आणि नाट्यकला अशा शेजारी नांदाव्यात, ही योजना मला राजरसिकतेची परमावधी वाटते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ती वास्तू आगीत होरपळली आणि अवघे शहर हळहळले. तेव्हा पाहुण्यांना रंकाळ्यावरूनच निरोप देऊ नका. खासबागेत अवश्य न्या.