ढगातला एकटा वैमानिक

ढगात शिरलेल्या वैमानिकाची सारी भिस्त क्षितिजदर्शक यंत्रावर असते. १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री अमेरिकेतील मिसूरीचे गव्हर्नर मेल कार्नाहान यांचे सेसना ३३५ विमान त्यांचा मुलगा एकटाच चालवीत होता. त्याच्या समोरचे हे यंत्र बिघडले. उजव्या आसनापुढचे चालू होते; परंतु खळबळत्या हवेत तिकडे वारंवार मान वळविली, की आंतरकर्णातील तोलाची जाणीव फसवू लागते. विमान कोसळले, तिघेही गेले. म्हणून माझा आग्रह असा, की बिघडलेले यंत्र आधी झाकावे (पाकिटाचा कागदही पुरतो!), कारण नजर सवयीने तिकडेच जाते. पंख समतल राखावेत, मगच नियंत्रकाला अडचण सांगावी. दिशादर्शकही बंद असला, तरी रडारवरून ‘वळा’, ‘थांबा’ एवढे सांगत तो विमान धावपट्टीच्या रोखाने आणू शकतो.