विजेचा मालक कोण?



तुंगार्ली हें आमचें गांव लोणावळ्यास लागूनच आहे. जवळच वलवणचें धरण आहे. तेथलें पाणी खंडाळ्याकडे जातें, मोठमोठ्या नळांतून सुमारें १,७०० फूट उतरून घाटाखालीं खोपोलीस येतें, आणि तेथें त्याची वीज होते. १९१५ सालीं ही वीज प्रथम मुंबईस पोंचली व गिरण्या तिच्यावर चालूं लागल्या. एकदां हा धडा शिकवीत असतां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, पाऊस आपला, मग वीज कोणाची?” मीं ‘कंपनीची’ असें उत्तर दिलें. उत्तर बरोबर होतें. परंतु मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही नाहीं.

प्रश्न जुनाच आहे. शेजारच्या मुळशी खोऱ्यांत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारपणाखालीं शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालेंच, आणि जमिनी पाण्याखालीं गेल्या.

वीज कंपनीची, नाहीं तर सरकारची, याखेरीज तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे ती वापरणारांच्या सहकारी संस्थेची. अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास दहांपैकीं नऊ शेतघरांत अंधार होता. तारा ओढणें कंपन्यांस परवडत नव्हतें. तेव्हां सरकारनें कर्ज दिलें, शेतकऱ्यांनीं सहकारी संस्था काढल्या आणि स्वतःच खांब रोंवले. जर्मनींतील शोनाऊ या लहानशा गांवाची गोष्ट अलीकडची आहे. १९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातानें तेथील आईबापांची झोंप उडाली. दोन वेळां लोकमत घेऊन १९९७ सालीं गांवकऱ्यांनीं आपल्या गांवची तारयंत्रणाच विकत घेतली.

हें सर्व परदेशांतलें झालें. पण महाराष्ट्रानेंही हा प्रयोग केलेला आहे, आणि आज मला मुख्यतः त्याविषयींच बोलावयाचें आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या साहाय्यानें भारतांत पांच ग्रामीण वीज संस्था निघाल्या. त्यांतील एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील श्रीरामपूर, राहुरी व आसपासच्या तालुक्यांत ही संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घेऊन गांवोगांव वांटीत असे. साखर कारखाने सहकारी, पतपेढ्या सहकारी. मग वीज कां नसावी? विहिरींवर पंप चालूं लागले, आणि ज्याच्या शेतांत खांब तोच संस्थेचा सभासद झाला.

पुढें काय झालें? घाऊक वीज घेतल्याचे पैसे थकत गेले. महावितरणचा दावा दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेला. घाऊक दर व सरकारी अनुदान यांत आपणांवर अन्याय झाला, असें संस्थेचें म्हणणें होतें. अखेर २०११ सालीं परवान्याची मुदत संपली व वीजवांटप महावितरणकडे गेलें.

दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं. मी गणिताचा मास्तर. मी फक्त हिशेब मांडतों. शेतीपंपांचा मोठा वापर मीटरवांचून, अश्वशक्तीवर आकारला जाई. समजा, संस्थेनें शंभर युनिटें तीन रुपये दरानें घेतलीं. तीनशें रुपये देणें झालें. त्यांतलीं साठच युनिटें बिलांत आलीं, तर दर पांच रुपये पडला पाहिजे. तो चार ठेविला कीं साठ रुपयांची तूट आलीच. ती कंपनीची असती तर आपण ‘त्यांचें नुकसान’ म्हणालों असतों. येथें ती आपलीच होती. पण मीटरच नसेल तर ती दिसावी कशी? मालक झालेल्या माणसास आपण ग्राहकही आहों याचा विसर पडतो, आणि मग विजेबरोबर संस्थाही गळूं लागते.

म्हणून सहकार खोटा, असें मात्र म्हणूं नये. त्याच पांचांपैकीं बेळगांव जिल्ह्यांतील हुकेरीची संस्था आजही आपल्या तालुक्यास वीज पुरवीत आहे.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल, याचा आम्हांशीं काय संबंध? पण आपणांपैकीं बहुतेक जण सहकारी गृहनिर्माण संस्थेंतच राहतां. २०२४ सालच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत अशा संस्थांस जिन्यांतले दिवे, पाण्याचा पंप इत्यादि सामायिक सोयींकरितां गच्चीवर सौर पत्रे बसविण्यास दर किलोवॅटमागें १८,००० रुपये साहाय्य ठेविलेलें आहे. म्हणजे मुळा-प्रवरेचा प्रश्न आतां आपल्या गच्चीवर आला आहे! परवां आमच्या ओळखीच्या एका संस्थेंत याच कामाची सभा झाली. समितींत कोणी बसावें यावर दोन तास वाद झाला. मीटर कोणीं वाचावा, हें कोणींच विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं, आणि घरीं आल्यावर मला त्याची लाज वाटली.

तेव्हां माझी विनंति एवढीच. पत्रे अवश्य बसवा. परंतु दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आंकडा सूचनाफलकावर लिहा. किती वीज झाली, किती वापरली, किती पैसे वांचले, हें शाळकरी मुलासही समजेल असें मांडा. त्या मुलानें आज पुन्हा विचारलें, तर मी सांगेन, “बाळ, जो हिशेब ठेवील त्याची!”