दोन बोटं वर करा



वर्गातून शौचाला जायचं तर दोन बोटं वर करावी लागत. सगळे हसतील म्हणून मी पोट धरून बसायचे. तीच लाज पुढे महागात पडली.

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बैठक, पाणी कमी, जेवण अवेळी. शौचाच्या वेळी रक्त दिसू लागलं. मूळव्याधच असणार असं ठरवून 8 महिने दुकानातलं मलम लावत राहिले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरांनी तपासलं, तर फिशर निघालं, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर.

चीर असली की शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं. मूळव्याधीत तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात. रक्त बहुधा न दुखता पडतं. भगंदरात पू येतो, त्याला सहसा शस्त्रक्रियाच लागते. चीर वेळीच दाखवली तर बहुतेकदा काही आठवड्यांत भरते: पालेभाज्या, इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. माझी जुनी झाली होती, म्हणून छोटं ऑपरेशन करावं लागलं.

आपण सगळ्यांनी चाळिशी ओलांडली आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त पडू शकतं. म्हणून ‘मूळव्याधच असेल’ हे आपलं आपण ठरवू नका, तपासून घ्या.

आता वर्गात कुणी हसणार नाही. दोन बोटं वर करा!